तेल आटत असताना आधी काय बांधायचं: रस्ता की जाळं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या काही दशकांत तेल कमी आणि महाग होत जाणार हे गृहीत धरलं, तर सरकारांनी नव्या रस्त्यांवरचा पैसा काढून तो दूरसंचाराच्या जाळ्यावर लावावा का? आणि लावला, तर खरंच तेल वाचेल का?

पहिल्या भागाचं उत्तर हो. दुसऱ्याचं उत्तर, आपोआप वाचणार नाही. मी फायबरच्या, म्हणजे प्रकाशावरून संदेश नेणाऱ्या काचेच्या तारांच्या, मार्गांची आखणी आणि उभारणी करतो. हे काम बहुतेक वेळा रस्त्याच्या हद्दीतच चालतं, त्यामुळे रस्ते बांधणाऱ्यांचे हिशेबही सतत समोर असतात. दोन्ही हिशेब शेजारी ठेवले की जे दिसतं ते लिहितो.

आधी तेलाच्या तारखेबद्दल. अमुक साली तेल कळस गाठेल, अशा भाकितावर कुठलीही योजना उभी करू नये. मॅरियन किंग हबर्ट या भूशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये सांगितलं होतं की अमेरिकेचं तेल उत्पादन १९६५ ते १९७० च्या सुमारास कळसाला पोचेल. १९७० मध्ये ते खरंच पोचलं आणि उतरायला लागलं. पुढे शेल खडकातून तेल काढायचं तंत्र रुळलं आणि २०१८ मध्ये अमेरिकेने तो जुना कळस ओलांडला. भाव तर त्याहून लहरी. जुलै २००८ मध्ये पिंपाला १४७ डॉलर पडत होते, त्याच वर्षाच्या डिसेंबरात चाळीसही नव्हते. रस्ता मात्र तीस-चाळीस वर्षं डोळ्यांपुढे ठेवून बांधला जातो, आणि तेवढ्या काळात इंधनाचं काय होईल हे कुणालाच सांगता येत नाही. अशा वेळी तेल महागलं तरी पस्तावायची पाळी येणार नाही आणि स्वस्त राहिलं तरी वाया जाणार नाही, असं काम आधी हातात घ्यावं. फायबर या कसोटीला उतरतं. रस्त्याचे जादा पदर (लेन) उतरत नाहीत.

एका किलोमीटरचा हिशेब करून बघा. सात मीटर रुंदीच्या दुपदरी रस्त्यावर पाच सेंटिमीटरचा डांबरी थर द्यायचा तर साधारण ८४० टन मिश्रण लागतं. त्यात वजनाने ५ टक्क्यांच्या आसपास डांबर, म्हणजे चाळीस टनांहून थोडं जास्त. डांबर म्हणजे कच्चं तेल शुद्ध करताना तळाशी उरणारा भाग. मिश्रण दीडशे अंशांच्या आसपास तापवायचं, खडी फोडायची, डंपरने आणायची, वरून रोलर फिरवायचा. यातल्या प्रत्येक पायरीला इंधन. आणि दहा-पंधरा वर्षांनी थर पुन्हा द्यायचाच.

त्याच किलोमीटरच्या कडेने ४० मिलिमीटर व्यासाचा एक प्लॅस्टिक डक्ट, म्हणजे केबल ओढायची नळी, पुरला तर त्याचं वजन चारशे किलोच्या आसपास भरतं. त्यात ओढायची ९६ फायबरची केबल शे-दीडशे किलोची. हे प्लॅस्टिकही तेलातूनच येतं, पण सगळं मिळून अर्धा टन, आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं तरी परत नाही. काचेचा एक धागा तर किलोमीटरला २७ ग्रॅम. या काचेची गुणवत्ता समजून घेण्यासारखी आहे. पुरेशी शुद्ध काच मिळाली तर प्रकाशावर स्वार होऊन संदेश दूरवर जाऊ शकेल, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडलं. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीने किलोमीटरमागची प्रकाशाची घट २० डेसिबलच्या (घट मोजायचं एकक) खाली आणली. आज ती ०.२ डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे तेव्हा एका किलोमीटरमध्ये जेवढा प्रकाश गळायचा, तेवढा आता शंभर किलोमीटरमध्ये गळतो. त्यामुळे वाटेत ठिकठिकाणी वीज खाणारी यंत्रं ठेवायची गरज पुष्कळ कमी झाली. क्षमता वाढवायची तर दोन टोकांची उपकरणं बदलायची, जमिनीतल्या काचेला हात लावायचा नाही. रस्त्याची क्षमता वाढवायची तर शेजारची जमीन घ्यावी लागते.

आता ज्या गोष्टीसाठी हे उत्तर लिहायला बसलो ती सांगतो. फायबर पुरायचं काम स्वतः डिझेलवर चालतं. चर खोदणारं यंत्र, रस्त्याखालून आडवं भोक पाडणारं ड्रिल, केबलचे ड्रम आणणारा ट्रेलर, फुंकून केबल आत ढकलणारा कॉम्प्रेसर, सगळं. फायबर टाकायच्या एकूण खर्चात सर्वात मोठा वाटा केबलचा नसून या खोदकामाचा असतो, बहुतेक ठिकाणी निम्म्याहून पुष्कळ जास्त. ‘तेल महागलं की आपण जाळ्याकडे वळू’ असं म्हणणारे हा मुद्दा विसरतात. वळायची वेळ येईल तेव्हा खोदकामाचे दर वाढलेले असतील, डक्टचं प्लॅस्टिक महागलेलं असेल आणि सरकारी तिजोरीत खडखडाट असेल. जमिनीखालचं जेवढं काम आहे ते तेल परवडतंय तोवरच उरकून घ्यायला हवं. प्राधान्य द्यायचं म्हणजे माझ्या लेखी हेच: आधी कुठलं काम, हा क्रम ठरवणं.

क्युबाचं उदाहरण यासाठी मला फार महत्त्वाचं वाटतं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि क्युबाची तेल आयात दोन-तीन वर्षांत निम्म्यावर आली. रस्ते होते तिथेच होते. त्यांवर चालवायला इंधन नव्हतं. चीनमधून दहा लाखांहून अधिक सायकली आणल्या, ट्रकने ओढायचे प्रवासी डबे बनवले, शेतात बैल परत आले. लोकांनी ज्या जिद्दीने ते दिवस काढले त्याला तोड नाही. पण ज्या कामासाठी माणूस कोसभर सायकल मारत होता, त्यातलं कितीतरी काम एका बऱ्या टेलिफोन जाळ्यावर झालं असतं, आणि तसं जाळं त्यांच्याकडे नव्हतं. टंचाई आल्यावर उभारायला पैसाही नव्हता.

आता दुसरा, अवघड भाग. जाळं टाकलं म्हणून तेल वाचतं का?

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेलबंदी केली, काही महिन्यांत भाव जवळजवळ चौपट झाला. त्याच वर्षी जॅक निलेस या अमेरिकी अभियंत्याने घराजवळ बसून तारेवरून काम करण्याच्या कल्पनेला ‘टेलिकम्युटिंग’ हे नाव दिलं आणि एका विमा कंपनीबरोबर तिचा प्रयोगही केला. कल्पना पक्की होती. तरी पुढच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत फोनही वाढले, इंटरनेटही आलं, आणि गाड्यांनी तोडलेलं अंतरही वाढतच गेलं. संपर्क सोपा झाला की ओळखी वाढतात, व्यवहार वाढतात, आणि त्यांतून नवे प्रवास जन्माला येतात. घरून काम करणारा माणूस शहरापासून आणखी लांब राहायला जातो. मग आठवड्यातून दोनदाच ऑफिसला जातो, पण दुप्पट अंतर तोडून. वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्यांनी हे वारंवार नोंदवलं आहे आणि दूरसंचारातल्या आम्हा लोकांना ते ऐकायला आवडत नाही.

आकडेही सावध करणारे आहेत. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे तेलाची चणचण भासू लागली, तेव्हा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने प्रगत देशांसाठी दहा कलमी तातडीची योजना मांडली. ज्यांना शक्य आहे त्यांनी आठवड्यातून तीन दिवस घरून काम केलं तर दिवसाला सुमारे ५ लाख पिंपं वाचतील, असा त्यांचा अंदाज होता. महामार्गांवरची वेगमर्यादा ताशी १० किलोमीटरने उतरवली तर कारचे २ लाख ९० हजार आणि ट्रकचे १ लाख ४० हजार, म्हणजे जवळपास तेवढंच तेल वाचत होतं. जगाचा रोजचा वापर १० कोटी पिंपांच्या घरात आहे. ५ लाख म्हणजे त्याचा अर्धा टक्का. नुसत्या घरून कामाच्या भरवशावर तेलाचा प्रश्न सुटेल असं कुणी सांगत असेल तर त्याच्यासमोर हे आकडे ठेवा.

एका माणसापुरतं पाहिलं तर मात्र फरक मोठा आहे. रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर कार चालवणारा पावणेतीन लिटरच्या आसपास पेट्रोल जाळतो. त्यातली ऊर्जा विजेच्या भाषेत २५ युनिट. घरी लॅपटॉप आणि राउटर दिवसभर चालले तरी एक युनिट होत नाही. एसी किंवा हीटर लावला तर पाच-दहा युनिट आणखी. जाळ्याच्या बाजूने एका व्हिडिओ कॉलचा जादा भार नगण्य, कारण ही उपकरणं कॉल असो वा नसो, जवळजवळ सारखीच वीज खातात. मग एवढा फरक असूनही जगाच्या बेरजेत तो इतका लहान का दिसतो? कारण घरून होण्यासारख्या नोकऱ्या थोड्या, अंदाजे पाचात एक. बाकीचे चौघे कारखान्यात, शेतात, दुकानात, इस्पितळात असतात.

म्हणून मी ऑफिसच्या प्रवासापेक्षा दुसऱ्या फेऱ्यांकडे बघतो. दाखल्यासाठी मारलेली फेरी, ‘साहेब आज नाहीत’ ऐकून परत आलेली फेरी, पैसे पोचवायला गेलेली, रिपोर्ट दाखवायला गेलेली, बाजारात भाव काय आहे ते बघायला गेलेली. या फेऱ्यांना पर्याय दिला की त्या खरोखर थांबतात, कारण त्या कुणी हौसेने मारत नाही.

केनियात २००७ मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा सुरू झाली. त्याआधी शहरातला माणूस गावी पैसे पाठवायचा ते स्वतः जाऊन किंवा बसवाल्याच्या हाती देऊन. साध्या फोनवरच्या संदेशाने ती फेरी संपवली, आणि त्याला ना स्मार्टफोन लागला ना वेगवान इंटरनेट. एस्टोनियाने २००० साली डिजिटल सहीला हाताच्या सहीइतकी कायदेशीर किंमत दिली आणि २००१ मध्ये सरकारी खात्यांच्या नोंदी एकमेकांशी जोडणारी व्यवस्था सुरू केली, म्हणजे एका खात्याने दिलेला कागद दुसऱ्या खात्यात नेऊन द्यायला माणूस लागेनासा झाला. तिथे केबलपेक्षा कायद्याने जास्त फेऱ्या वाचवल्या. जिथे ऑनलाइन अर्ज भरून त्याची प्रत पुन्हा खिडकीवर नेऊन द्यावी लागते, तिथे कितीही फायबर पुरा, तेलाचा थेंब वाचणार नाही. जाळ्याच्या प्रत्येक प्रकल्पाला मी एक प्रश्न विचारतो: हे झाल्यावर नेमकी कुठली खिडकी बंद करणार? उत्तर नसेल तर तो प्रकल्प तेल वाचवण्याच्या नावाखाली मंजूर होऊ नये.

मालाच्या बाबतीतही तसंच. धान्य, सिमेंट, औषधं फायबरमधून जात नाहीत. पण माल कुठे न्यायचा हे आधी कळलं तर रिकाम्या फेऱ्या वाचतात. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ दरम्यान मोबाइल पोचला त्याचा रॉबर्ट जेन्सन यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मच्छीमार समुद्रातूनच फोन करून कुठल्या बंदरावर गिऱ्हाईक आहे ते विचारू लागले. फेकून द्यावी लागणारी मासळी जवळजवळ थांबली, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त पडली. फेकलेल्या प्रत्येक टोपलीमागे जाळलेलं डिझेल असतं, ते वाचलं. युरोपात आजही मालट्रक जेवढं अंतर तोडतात त्यातलं सुमारे एक पंचमांश अंतर रिकाम्या ट्रकचं असतं. परतीचा माल शोधून देणं हे निव्वळ माहितीचं काम आहे.

आता रस्त्यांबद्दल, कारण ‘रस्त्यांचा पैसा काढा’ या वाक्यात एक धोका दडलेला आहे. रस्ता खराब कोण करतं? १९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ खास पट्टे बांधून त्यांवर ट्रक फिरवत ठेवले गेले. त्यातून निघालेला नियम आजही वापरतात: रस्त्याची झीज ॲक्सलवरच्या, म्हणजे चाकं जोडणाऱ्या आसावरच्या, वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. एक टनाच्या ॲक्सलपेक्षा दहा टनांचा ॲक्सल दहा हजार पट झीज करतो. म्हणजे घरून काम सुरू होऊन लाखो कार कमी झाल्या तरी डांबरीकरणाचा खर्च फारसा उतरत नाही. ट्रक चालूच असतात. कमी झालेल्या कारमुळे वाचतो तो पदर वाढवायचा खर्च. कापायचं तर तिथेच कापा. देखभालीचा पैसा जाळ्याकडे वळवणं ही घोडचूक ठरेल: खड्ड्यांच्या रस्त्यावर ट्रक जास्त डिझेल पितो, आणि फायबर जोडणाऱ्या आमच्या पथकाच्या गाडीलाही त्याच रस्त्याने जायचं असतं.

पदर वाढवून गर्दी हटत नाही, हेही आता पुरेसं सिद्ध आहे. अमेरिकी शहरांवरच्या ड्युरांटन आणि टर्नर यांच्या २०११ च्या अभ्यासात पदरांची लांबी जेवढ्या टक्क्यांनी वाढली जवळपास तेवढ्याच टक्क्यांनी गाड्यांची धाव वाढलेली दिसली. ज्या रस्त्यांवर वाहतूक अगदीच विरळ आहे, तिथे उलट दिशेचाही विचार करावा लागेल. डांबर महागल्यावर अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या अनेक काउंट्यांनी (जिल्ह्यांनी) काही ग्रामीण रस्ते उखडून पुन्हा खडीचे केले. तिथल्या लोकांसाठी हा निर्णय क्लेशाचा असतो. त्या वाडीपर्यंत आधी चांगलं फायबर आणि फिरता दवाखाना पोचलेला असेल, तरच तो न्याय्य म्हणता येईल.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या की हा सगळा वाद मिटेल असं अनेकांना वाटतं. २०२४ मध्ये जगात विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी पाचातली एक विजेवर चार्ज होणारी होती, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या बदलायला पंधरा-वीस वर्षं लागतात, अवजड ट्रक या बाबतीत बरेच मागे आहेत, आणि विजेच्या गाडीलाही डांबरच लागतं.

आमच्या बाजूची सर्वात कच्ची कडी म्हणजे वीज. जिथे वीज भरवशाची नाही तिथे मोबाइल टॉवर डिझेल जनरेटरवर उभे असतात आणि ते डिझेल टँकरने रस्त्यावरून येतं. तेलाला पर्याय म्हणून उभारलेलं जाळं पहिल्याच टंचाईत बंद पडू शकतं. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली, तेव्हा काही तासांत टॉवरच्या बॅटऱ्या उतरत गेल्या आणि फोन मुके होत गेले. कागदावर चार तास लिहिलेली बॅटरी उन्हात तापून म्हातारी झाली की दीड तासही टिकत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

उपाय आहेत. एका टॉवरचा भार २ किलोवॉट धरला तर दिवसाला ४८ युनिट लागतात. चांगल्या उन्हाच्या जागी १ किलोवॉटचं सौर पॅनल दिवसाला चारेक युनिट देतं, म्हणजे १२ किलोवॉट, आणि तोटे धरून १५. त्याबरोबर रात्र आणि एखादा ढगाळ दिवस निघेल एवढी लिथियम बॅटरी. पॅनलना जागा लागते, पण टँकरची वाट बघावी लागत नाही. घरापर्यंत फायबर नेताना पॅसिव्ह पद्धत वापरली तर एक्स्चेंजपासून २० किलोमीटरपर्यंत वाटेत कुठेही वीज लागत नाही. मधला स्प्लिटर, म्हणजे प्रकाश अनेक घरांत वाटून देणारा भाग, नुसती काच असतो. तेलटंचाईच्या दृष्टीने याइतकी चांगली रचना दुसरी नाही, म्हणून पैसा थोडा असेल तर मी आणखी टॉवरांऐवजी हेच आधी करीन.

बाकी क्रम असा लावीन. पहिले डक्ट: कुठल्याही कारणाने रस्ता उखडला जात असेल तर त्याच वेळी दोन-तीन रिकामे डक्ट टाकून ठेवायचे, आज गिऱ्हाईक असो वा नसो. खोदकाम आधीच चालू असल्याने जादा खर्च फार थोडा येतो, आणि रस्ते खातं व दूरसंचार खातं एका टेबलावर बसणं एवढीच त्याची अट आहे. मग प्रत्येक गावाला दोन वेगळ्या वाटांनी जोडणी. प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशाला जगाशी जोडणारी एकच समुद्री केबल होती. जानेवारी २०२२ मध्ये ज्वालामुखीने ती तोडली आणि दुरुस्तीला पाच आठवडे लागले. त्यानंतर विजेचा बॅकअप. डेटा सेंटरचा नंबर मी शेवटी लावतो. ती उभारायला खासगी पैसा आपणहून येतो, आणि २०२४ मध्येच ती जगाच्या विजेपैकी सुमारे दीड टक्का खात होती.

एक काम तर जवळजवळ बिनखर्चाचं आहे आणि ते आजच करता येईल. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या नियमानुसार सदस्य देशांना ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका तेलसाठा ठेवावा लागतो. असा साठा उघडायची वेळ आली की इंधन आधी कुणाला द्यायचं याची यादी लागते. रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस, अन्नधान्य ही नावं सहज सुचतात. त्यांच्या खालोखाल फायबर जोडणाऱ्या पथकांच्या गाड्या, एक्स्चेंजचे जनरेटर आणि समुद्री केबल दुरुस्त करणारी जहाजं लिहून ठेवा, लिटरच्या आकड्यासकट. जगभरात समुद्री केबल वर्षाला दीडशे-दोनशे ठिकाणी तुटते आणि दर वेळी तेलावर चालणारं एक जहाज बंदरातून निघावं लागतं.